गॅलरीला सील नाही

माझ्या नणंदबाई शाळेत खेळ शिकवायच्या. नोकरी सोडून बरीच वर्षं झाली, तरी ओळखीचे सगळे त्यांना 'बाई'च म्हणतात, आणि मीही. नात्यानं मी वहिनी म्हणून मोठी, वयानं त्या मोठ्या. त्यामुळे कोणी कोणाचं ऐकायचं हा प्रश्न आमच्यात कधी सुटला नाही. बाहेरच्या कोणाशी भांडायची वेळ आली की मात्र आमचं लगेच एकमत होतं.

लोकांनी टाकून दिलेली कुत्री-मांजरं बाई सांभाळायच्या. जागा म्हणजे रंगाच्या डब्यांचं जुनं गोदाम. भिंतींवर निळे-हिरवे शिंतोडे, वर पत्रा आणि आत सदानकदा भुंकण्याचा कल्लोळ. मी सुट्टीच्या दिवशी जाऊन पाणी भरायचे, जाळ्या धुवायचे आणि घरी येऊन अर्धा तास अंघोळ करायचे.

साथ आली, शहर बंद झालं आणि त्याच आठवड्यात गोदामाच्या मालकाचा फोन आला. आम्ही दोघी आमच्या घरच्या स्वयंपाकघरात होतो. बाईंनी फोन स्पीकरवर टाकला.

"आजूबाजूचे लोक घाबरलेत हो," मालक म्हणाले. "जनावरांमुळे रोग पसरतो म्हणतात. रविवारपर्यंत जागा रिकामी करा."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

"सगळ्यांचा नंबर द्या, मी बोलते त्यांच्याशी. आणि एवढी जनावरं नेऊ कुठे?"

"सोडून द्या ना. रस्ते रिकामेच आहेत."

बाईंनी फोन ठेवला. खानावळी बंद, कसायाची दुकानं बंद, कचराकुंड्यांत कागदाशिवाय काही नाही. रस्त्यावरची कुत्री आधीच फासळ्या मोजाव्यात अशी झाली होती. त्यात यांची भर घालायची.

"रस्ते रिकामेच आहेत म्हणे," बाई पुटपुटल्या. मग एकदम माझ्याकडे वळल्या. "वहिनी, सगळे काय सांगताहेत? घरात बसा. बरोबर? मग हे पण घरातच बसतील. लोकांच्या."

"अहो बाई, लोक सख्ख्या भावाला दारात उभं करत नाहीयेत."

"भाऊ सल्ले देतो. कुत्रा देत नाही."

त्यांचा भाऊ म्हणजे माझाच नवरा. तो जहाजावर स्वयंपाकी, बंदरं बंद झाल्यामुळे समुद्रातच अडकलेला, आणि रोज फोनवरून आम्हाला हात कसे धुवायचे ते शिकवत होता.

आमची आधीची पद्धत साधी होती. लोक गोदामात यायचे, एखादं जनावर आवडलं की बाई त्यांच्या घरी जाऊन यायच्या. खिडक्यांना जाळी आहे का बघायच्या, जिना बघायच्या, आणि चहा दिला तर कपाचा काठही बघायच्या. "तुटका कप ठेवणारी माणसं म्हातारं जनावर टाकत नाहीत," असं त्यांचं शास्त्र. आता ना कोणी येऊ शकत होतं, ना आम्ही जाऊ शकत होतो. म्हणून मी फोनवरून घरं बघायला लागले.

हे काम माझ्याकडे आपोआप आलं. मी विमा कंपनीत लोकांच्या तक्रारी ऐकते. साथीमुळे ऑफिस माझ्या जेवणाच्या टेबलावर आलं होतं. दिवसभर चिडलेली माणसं ऐकून ऐकून मला आवाजातलं पाणी कळतं. संध्याकाळी काम संपलं की मी दुसरी पाळी सुरू करायचे. 'कायमचं नको, साथ संपेपर्यंत सांभाळा' असं बाईंनी सगळीकडे कळवलं होतं आणि माझा फोन तापून लाल व्हायची वेळ आली होती.

एक गृहस्थ म्हणाले, "मोठा कुत्रा द्या. रोज फिरवावा लागेल असा."

"झोपेल कुठे तो तुमच्याकडे?"

"झोपेल की कुठेतरी. पण त्याला फिरवायचं म्हणून मला बाहेर पडता येईल ना?"

"तुम्हाला कुत्रा नको, नुसता पट्टा पाहिजे," मी म्हटलं आणि पुढचा फोन घेतला.

एक बाई न्हाणीघरात बसून कुजबुजत होत्या. मांजर हवं होतं, पण सासूला सांगायचं नव्हतं. मी नाही म्हणणार तेवढ्यात दार उघडलं आणि सासूबाई पडद्यावर आल्या. "चोरून कशाला मागतेस गं?" त्या सुनेला म्हणाल्या. "मला वाटलं तुला आवडत नाही, म्हणून मी इतकी वर्षं गप्प बसले." त्यांच्याकडे दोन मांजरं गेली.

जनावर द्यायची रीतही बाईंनीच बसवली. आम्ही गाडी लांब उभी करायची, कुत्र्याचा पट्टा घरासमोरच्या खांबाला बांधायचा आणि मागे सरायचं. नेणाऱ्यानं येऊन पट्टा सोडायचा. हात हातात नाही, पाठीवर थाप नाही. खाण्याची पिशवी फाटकाशी. काही दुखलं-खुपलं तर जनावरांचे डॉक्टर फोनवर बघायचे. एकदा एका मुलीनं डॉक्टरांना मांजराऐवजी स्वतःच्या भावाचा घसा दाखवला आणि डॉक्टरांनी तोही बघितला.

रविवारपर्यंत गोदाम रिकामं झालं. राहिला एकटा खडूस.

खडूस म्हणजे म्हातारा, एका डोळ्याचा, तपकिरी कुत्रा. चावत नसे, पण गुरगुरल्याशिवाय त्याचं एक काम होत नसे. खाताना गुरगुरायचा, झोपेत गुरगुरायचा, कोणी गोंजारलं तर जास्तच. लोकांनी नेऊन परत आणून दिलेला. मी त्याला पडद्यावर दाखवला की समोरची माणसं "अरे वा" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी फोन उचलायची नाहीत. शेवटी मी त्याला आमच्याच घरी आणायची मनाची तयारी करत होते, तेव्हा टेलरकाकांचा फोन आला.

टेलरकाका एकटे राहायचे. बायको जाऊन वर्ष झालं होतं, दुकान कधीच बंद केलं होतं, आणि आता घरी बसून जुन्या चादरींचे मास्क शिवून शेजाऱ्यांना वाटत होते. त्यांनी सगळं घर दाखवलं. मशीन, कापडाच्या चिंध्यांचा ढीग, गॅलरीतल्या कुंड्या. मी खडूसबद्दल काही लपवलं नाही.

"गुरगुरतो ना? मग तोच द्या," ते म्हणाले. "आजकाल जो तो माझ्याशी फोनवर गोडच बोलतो. 'काका, जपा हं.' कंटाळलो मी. घरात एक तरी खरं बोलणारं पाहिजे."

त्यांच्या इमारतीच्या फाटकाशी आम्ही पोचलो तर सेक्रेटरी आडवे उभे. मास्कवर मास्क, हातात फवाऱ्याची बाटली. फाटकावर ताजा कागद चिकटवलेला: बाहेरचं जनावर आत आणायला सक्त मनाई.

"हा नियम कधी केलात?" बाईंनी विचारलं.

"आज सकाळी."

"आणि मीटिंग?"

"मीटिंगला बंदी आहे."

"म्हणजे बंदी असताना तुम्ही एकट्यानंच बंदी घातलीत."

सेक्रेटरींनी फवारा उगाचच हवेत मारला. "बाई, बाहेरचं काहीही आत येणार नाही. लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे. माझी स्वतःची आई आहे वर, वय झालंय तिचं."

ते खरंच घाबरले होते. आवाजातून कळत होतं. पण घाबरलेल्या माणसाच्या हातात किल्ली असली की दुसऱ्यांचे हाल होतात. बाई तोंड उघडणार तोवर मागून टेलरकाका आले. धीम्या चालीनं, पायात सपाता, गळ्यात मापाची टेप तशीच. त्यांनी सेक्रेटरींच्या बाजूनं हात घालून फाटकाची कडी काढली, खांबापाशी जाऊन पट्टा सोडला आणि खडूसला म्हणाले, "चला."

खडूस गुरगुरला.

"हो, कळलं. चला."

"काका, हे चालणार नाही!" सेक्रेटरी ओरडले.

"घर माझं आहे," काका न थांबता म्हणाले. "तुम्ही लिहा कागद, मी करतो भात." आणि दोघं जिन्यानं वर गेले. काकांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं.

त्यानंतर सेक्रेटरींनी त्यांना सुखानं राहू दिलं नाही. कुत्र्याला लिफ्ट बंद. मग आवार बंद. मग गच्चीला कुलूप. काकांनी गॅलरीत एका मोठ्या ट्रेमध्ये माती घालून गवत लावलं आणि खडूसची सोय तिथेच केली. रोज ते मला एक फोटो पाठवायचे. सगळ्या फोटोंत खडूस मशीनच्या पायडलशेजारी चिंध्यांवर बसलेला आणि सगळ्यांत त्याचं तोंड वाकडं. एकात त्याच्या गळ्याभोवती मापाची टेप होती. खाली लिहिलं होतं: 'गळा वाढला. बरं आहे.'

मग एके दुपारी फोटोऐवजी फोन आला. काका एकेक शब्द धापा टाकत बोलत होते. मागे गाडीचा भोंगा वाजत होता.

"पोरी, मला घेऊन चाललेत. खडूस घरातच आहे. मी सांगत होतो त्यांना, पण ते ऐकेनात. दार सील केलं." मग खोकला, आणि फोन तुटला.

मी बाईंना हाक मारली. बाई चपला घालून तयारच होत्या. जनावरांना खायला घालायचा पास त्यांच्याकडे होता, त्यामुळे रस्त्यावर कोणी अडवलं नाही. अडवलं ते फाटकावर.

"दार उघडता येणार नाही," सेक्रेटरी आतून म्हणाले. "आरोग्य खात्याचं सील आहे. मुदत संपेपर्यंत कोणी आत जायचं नाही, कोणी बाहेर यायचं नाही. मी काय करू? नियम माझा नाही."

"आत जिवंत प्राणी आहे."

"कुत्रा पकडणाऱ्या गाडीला कळवलंय. मुदत संपली की नेतील."

"मुदत संपली की काय नेतील?" बाईंचा आवाज चढला. शाळेच्या मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला जाणारा आवाज तो. गॅलऱ्यांमधून डोकी बाहेर आली. "उपाशी जनावर मुदत संपल्यावर काय उरतं, ते बोला की स्पष्ट! सगळ्यांना ऐकू दे!"

एकानं खिडकी लावून घेतली. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत खडूसचं नाक कठड्याच्या गजांमधून बाहेर आलं.

मी फाटकाबाहेरच्या पायरीवर बसले आणि फोन काढला. बाईंकडे आवाज आहे, माझ्याकडे चिकाटी आहे. इतरांना फोनवर ताटकळत ठेवण्याचं काम मी इतकी वर्षं केलंय, की मला कोणी ताटकळत ठेवलं तर मी हलत नाही. आरोग्य खात्याचा नंबर लावला आणि कानात ती टिंगटिंग वाजू लागली.

वरून काहीतरी खाली येताना दिसलं.

चौथ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली हळूहळू उतरत होती. दोरी कसली, चार-पाच ओढण्या एकमेकींना गाठी मारून केलेली. टोपली हेलकावे खात तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत आली, कठड्यावर आपटली, पुन्हा लांब गेली आणि शेवटी आत अलगद टेकली. वरच्या कठड्यावरून पांढऱ्या केसांची एक म्हातारी ओणवी होऊन बघत होती.

सेक्रेटरींचा चेहरा पडला. "आई!"

"काय रे?"

"आत जा आधी! काय चाललंय हे? ते घर सील आहे!"

"सील दाराला आहे," आजी वरून म्हणाल्या. "गॅलरीला नाही."

समोरच्या इमारतीतून कोणीतरी टाळी वाजवली. खडूस टोपलीवर गुरगुरला, आणि मग त्याच्या खाण्याचा आवाज खालपर्यंत आला.

"आई, मी सांगतोय तुला, आत जा!"

"जाते. आत जाऊन अजून थोडा भात टाकते. भुकेला दिसतोय. आणि अंडी संपलीत, येताना घेऊन ये."

बाईंनी मान वर करून त्या म्हातारीकडे पाहिलं. माझ्या नणंदबाईंना मी कोणाला सलाम करताना पाहिलेलं नाही. त्या दिवशी त्यांनी केला.

तोपर्यंत माझ्या कानातली टिंगटिंग थांबली होती. एका थकलेल्या अधिकाऱ्यानं फोन उचलला होता.

"त्या घरात कोणी असल्याची नोंद नाही," तो म्हणाला.

"आहे एक जण. चार पायांचा."

"मॅडम, सीलचा नियम माणसांसाठी आहे."

"म्हणजे कुत्र्याला तो लागू नाही?"

"नाही. अर्थात नाही."

"मग त्याला बाहेर यायला कोणाची हरकत आहे?"

पलीकडे शांतता. मी पण गप्प राहिले. अशा वेळी बोलायचं नसतं, हे मला नोकरीनं शिकवलंय.

"मॅडम," तो शेवटी म्हणाला, "सकाळपासून मी फक्त मेलेल्यांबद्दल बोलतोय." एक मोठा श्वास ऐकू आला. "माणूस पाठवतो. तुमच्यातलं एकच जण आत जाईल, पूर्ण पोशाख घालून. आणि त्या जनावराला आधी धुऊन काढा."

माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी आला. तोवर टोपली दोन वेळा उतरली होती. एकदा तर आजींनी त्यात आपला फोन ठेवून दिला होता. टेलरकाकांना फारसं बोलता येत नव्हतं, पण त्यांनी दवाखान्यातून दोन शब्द रेकॉर्ड करून मला पाठवले होते, ते मी आजींना पाठवले होते. 'चला. चला.' एवढंच. आजी म्हणाल्या, खडूसनं फोन हुंगला, त्याच्यावर गुरगुरला आणि मग त्याच्यावरच हनुवटी टेकवून झोपला. फोन परत घ्यायला त्यांना बराच वेळ लागला.

बाई त्या पांढऱ्या पोशाखात आत गेल्या. सेक्रेटरी पार्किंगच्या खांबामागे उभे राहून बघत होते. खडूस पट्टा तोंडात धरूनच खाली आला. आम्ही त्याला पार्किंगच्या नळाखाली साबण लावून धुतला. त्यानं आम्हाला जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"झालं ना?" सेक्रेटरी म्हणाले. "आता न्या याला."

"कुठे नेतायत?" जिन्याच्या तोंडाशी आजी उभ्या होत्या. चौथ्या मजल्यावरून त्या पायी उतरल्या होत्या, कारण लिफ्टमध्ये जनावरांना बंदी आहे आणि वर जाताना आपल्याबरोबर जनावर असणार, हे त्यांनी आधीच धरून ठेवलं होतं, आणि जिना झेपतो का ते बघायचं होतं. "त्याचा माणूस परत येईपर्यंत तो माझ्याकडे राहील. एकच मजला वर. वास ओळखीचा राहील त्याला."

"आई, त्या घरात मी राहतो!"

"मी पण राहते."

"तुझं वय बघ! तुला काही झालं तर?"

"तू मला कोणाला भेटू देत नाहीस, खिडकी उघडू देत नाहीस, नातवंडांना फोनवर दाखवतोस काचेतल्या माशासारखी. मला जे व्हायचं ते त्यानंच होईल, कुत्र्यानं नाही." हे त्या शांतपणे बोलल्या. "मला घरात कोणीतरी पाहिजे, ज्याला माझी भीती वाटत नाही."

सेक्रेटरी हट्टानं म्हणाले, "तो आत आला तर मी बाहेर जातो."

"जा ना," आजी म्हणाल्या. "जेवायला तुझ्यासाठी पण टोपली सोडीन."

गॅलऱ्यांमधून हसू फुटलं. बाईंनी पट्टा खांबाला बांधला आणि आम्ही दोघी मागे सरलो. आजींनी येऊन पट्टा सोडला. खडूस गुरगुरला. आजीही त्याच्यावर तश्शाच गुरगुरल्या. तो चपापला, एका डोळ्यानं त्यांना निरखत राहिला, आणि जिना चढायला लागला. प्रत्येक मजल्यावर दोघं थांबत होते, दोघांनाही दम लागत होता.

सेक्रेटरी गेले नाहीत कुठे. बदललेही नाहीत. त्यांनी कुत्र्यांविरुद्ध आणखी कागद चिकटवले, फक्त ते स्वतःच्या घराच्या दारातून जाताना खाली मान घालून जायचे. पण त्या महिन्यात त्याच इमारतीतून मला तीन फोन आले. ज्यानं खिडकी लावून घेतली होती त्याचा पण. मी त्याच्या घरी बराच वेळ कॅमेरा फिरवायला लावला, जरा जास्तच. मग त्याला एक लंगडं मांजर दिलं.

टेलरकाका परत आले तेव्हा ओळखू येत नव्हते. खांद्यावर शर्ट हँगरला लावल्यासारखा. चार पावलं चालले की टेकायला काहीतरी लागायचं. फाटकाशी आजी खडूसला घेऊन उभ्या होत्या. आम्हाला वाटलं, आता हा धावत जाईल, अंगावर उड्या मारेल. त्यानं तसलं काही केलं नाही. काकांची चप्पल हुंगली, पँट हुंगली, दवाखान्याच्या वासाला शिंकला आणि लांबलचक गुरगुरला, इतकं की संपेचना.

"हो रे," काका म्हणाले. "उशीर झाला. कळलं."

मग त्यांनी बाईंना बाजूला बोलावलं. "मला हा कायमचा पाहिजे. पण खरं सांगतो, मला त्याला फिरवणं जमायचं नाही. कदाचित कधीच."

"मला जमतं," आजी म्हणाल्या. "पण वास्तविक तो यांचा आहे."

बाईंचा एक नियम होता: एक जनावर, एक घर. त्यावर त्या माझ्याशी पुष्कळदा भांडल्या होत्या. आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी?"

"माझ्याकडे काय बघता? नियम तुमचा आहे."

"मग मीच मोडते," बाई म्हणाल्या. "दिवसा चौथ्या मजल्यावर, झोपायला तिसऱ्या. आणि कोणी काही म्हणालं तर मला फोन करा."

"लिफ्टचं काय?" काकांनी विचारलं. "मला जिना चढवणार नाही आता."

आजींनी पट्टा हाताला गुंडाळला, लिफ्टचं दार उघडलं, चिकटवलेल्या कागदाकडे न बघता आधी खडूसला आत घेतलं, मग काकांना. सेक्रेटरी मागून काहीतरी बोलले. आजींनी बटण दाबलं.

माझा फोन वाजत होता. दुसऱ्या टोकाच्या एका इमारतीतून कोणी बाई सांगत होत्या की त्यांच्याकडे जागा आहे, मन आहे, पण त्यांचे सेक्रेटरी नाही म्हणतात.

"पत्ता सांगा," मी म्हटलं. नणंदबाई गाडीची किल्ली फिरवत पुढे निघाल्याच होत्या.